वैशाखातला तुंबा

कुंडीत तुंबा लावायचा म्हणतीस? लाव बाई, कोण अडवून राहिलं तुला? पण त्या नर्सरीवाल्याचं खत घातलंस तर आठ दिवसात मरंल, सांगून ठेवते. तुंबा म्हणजे लाड करायला गुलाब न्हाई. रानातलं तण हाय ते. खुरपायला आलेल्या बाया मुळासकट उपटून बांधावर फेकतात. त्याला मुरमाड माती दे, ऊन दे, पाणी साचू देऊ नको. शेंडा खुडला की बाजूनं फुटतंय. आन समदी फुलं कधी तोडायची न्हाईत, बोंडं वाळू द्यायची. वाळली की तळहातावर चोळायची, बारीक बी पडतंय, ते मातीवर नुसतं भुरभुरवायचं. एवढंच.

मला कुणी शिकवलं म्हणतीस? तू सिद्धरामची सून, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाची सून, तुझ्यापासनं काय लपवायचं. सांगते. पण मधी उठायचं न्हाई. चहा थंड झाला तर होऊ दे.

त्या तुंब्याखाली माझी लेक हाय. नागम्मा. मी नागू म्हणायची. नऊ वर्षांची होती. तिला तिथनं कुणी उठवू नये, एवढी एकच गोष्ट मी जिंदगीत मागितली, आन त्याच्यापायी मी माणसाचं हाड मोडलं. एक न्हाई, चार मोडली.

बहात्तरचा दुष्काळ. तवा आपलं गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, लातूर-बितूर जिल्हा कुणाच्या सपनात न्हाई. समदं गाव सरकारी कामावर खडी फोडायला. नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हणतात. मी घेते. बसलिंगप्पा. तोबी खडी फोडायचा. त्या दिवशी मला ताप होता म्हणून मी घरी चुलीपाशी. नागू विहिरीवर गेलेली. विहिरीच्या तळाला उतरून वाटीवाटीनं घागर भरायची, सकाळी गेलेलं लेकरू दुपारी यायचं. ती आली आन उंबऱ्यात ठेच लागली. घागर पितळी, फुटली न्हाई, पण पाणी समदं गेलं. अंगणानं एका घोटात पिऊन टाकलं.

हा नुकताच आला होता. सकाळपासनं नरड्याला थेंब न्हाई. हातात खडी फोडायचा हातोडा. "काय केलंस गं!" म्हणला आन भिरकावला. भिंतीवर भिरकावला म्हणतो. भिंतीवर! नागूच्या कानाच्या वर बसला. ती लगेच पडली न्हाई बघ. उभी राहिली, माझ्याकडं बघून म्हणली, "अव्वा, पाणी सांडलं." मग खाली बसली. दिवे लागायच्या आत गेली.

गावानं ठरवलं, विहिरीत पाय घसरला. पोलीसपाटलानं तसंच लिहिलं. आपलेच दात आन आपलेच ओठ. मला विचारलं तवा मीबी तेच सांगितलं. हे नीट ऐक, नुसता त्याचाच गुन्हा ऐकून घरी जाऊ नको. हा जेलात गेला असता तर भाऊकीनं रान गिळलं असतं आन मला हाकलून दिलं असतं. म्हणून मी, तिच्या आईनं, खोटी जबान दिली. थू माझ्या जिंदगीवर.

आपल्या लिंगायतात जाळत न्हाईत, तुला ठाऊकच हाय. रानाच्या वरच्या कोपऱ्यात खड्डा केला, मांडी घालून बसवली, तळहातावर तिच्या गळ्यातलं लिंग ठेवलं, इभूत लावली. बेलाची पानं जंगमानं कुठनं तरी वाळकी आणली. फूल मात्र एक मिळालं न्हाई. रोज सकाळी माझ्या पूजेला ओटीभर तुंब्याची फुलं वेचून आणणारी पोर ती. "अव्वा, महादेवाचे दात आणले," म्हणायची, तेवढं पांढरं बारीक फूल. आन तिच्या डोक्यावर माती लोटली तवा एक फूल न्हाई.

पुढल्या साली पाऊस झाला. त्या मातीवर आपोआप तुंबा उगवला. खुरपणाऱ्या बायांना मी तिथं पाय ठेवू दिला न्हाई. पाऊसकाळ सरला की तुंबा वाळतो, तसा वाळायला लागला. मी बी धरलं, परत टाकलं, पाणी घालायला लागले. हिवाळ्यात फुलला, उन्हाळ्यातबी फुलला. चार हात लांब, दोन हात रुंद, तेवढाच वाफा. रोज उजेडायच्या आधी जायचं, दोन तांबे पाणी घालायचं, पाच फुलं वेचायची, घरी येऊन लिंगावर वाहायची, मग तोंडात पाणी. चौदा वर्षं माझा नेम चुकला न्हाई.

आन पाणी कसलं? तर प्यायचं. अंघोळीचं न्हाई, भांड्याचं न्हाई. जे पाणी आपण तोंडाला लावणार न्हाई ते महादेवाच्या फुलाला घालायचं न्हाई, ही माझ्या आईची शिकवण. त्या एका शिकवणीनं पुढं माझं कपाळ फोडलं, ते येतंय.

बसलिंगप्पाशी मी त्या दिवसापासनं बोलले न्हाई. भाकर वाढली, धोतर धुतलं, आजारी पडला तर काढा दिला. पण एक शब्द न्हाई. सांगायचं असलं की म्हशीला सांगायची, "म्हशे, जेवायला वाढलंय म्हणावं." म्हैस मेली, मग भिंतीला सांगायला लागले. तोबी बोलला न्हाई. काय तोंडानं बोलणार?

मग लातूर जिल्हा झाला. मिठाई वाटली, मिरवणूक काढली. सरपंच गुरुबसप्पा फेटा बांधून हिंडायचा, "आता आपला जिल्हा, आपला कलेक्टर, उस्मानाबादचे हेलपाटे बंद." जिल्हा होऊन चार वर्षं झाली आन परत दुष्काळ पडला. नवीन जिल्ह्याला काय पाऊस नवीन मिळतो होय? टँकर यायचा, दोन दिवसाला एकदा, माणशी एक घागर. बसलिंगप्पा लातूरला गेला, नवीन हापिसं बांधून राहिले होते तिथं गारा कालवायला. आठ-पंधरा दिवसांनी एकदा यायचा, खांद्याला तेलाचा जुना डबा, त्यात लातूरचं पाणी भरलेलं. वाटेत प्यायला आणत असंल, मी कशाला विचारू?

त्या वैशाखात जिल्ह्यातनं गावाला सरकारी विहीर मंजूर झाली. महिन्यात काम सुरू केलं न्हाई तर दुसऱ्या गावाला जाणार. गुरुबसप्पा गेला आन देगलूरकडनं एक पानाड्या घेऊन आला, मलप्पा म्हणून. घरचं झालं थोडं आन याह्यानं धाडलं घोडं! तळहातावर नारळ आडवा ठेवून हा चालणार, खाली पाणी असलं की नारळ उभा राहणार म्हणे. दोन दिवस समदं शिवार तुडवलं. नारळ काय उभा राहीना. गाव मागं मागं, बाया रिकाम्या घागरी घेऊन मागं मागं, जसं काय नारळ उभा राहिला की तिथंच भरून घ्यायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या रानाच्या वरच्या कोपऱ्याशी आले. मी शेजारच्या बांधावर पऱ्हाट्या उपटत होते. मलप्पा थांबला. नारळ ठेवला बाजूला. नारळाची गरजच पडली न्हाई त्याला.

"वैशाखात तुंबा हिरवा?" म्हणला. "आन फुलावर?"

गुडघ्यावर बसला, मातीत बोट घातलं, बोट नाकाला लावलं. सकाळी मी दोन तांबे घातलेले, ओल असणारच की. उभा राहिला आन ओरडला, "अहो, हे पावसाळ्याचं तण! इथं खाली झरा हाय. वीस हातावर पाणी, लिहून देतो!"

बायांनी घागरी वाजवल्या. गुरुबसप्पानं तिथल्या तिथं सांगितलं, "हा कोपरा नव्या मोजणीत गायरानात निघालाय, कुणाची परवानगी लागत न्हाई. उद्या कुदळ मारू."

मी धावले. हातात खुरपं होतं. मलप्पाचा हात अजून तुंब्यावर होता, त्या हातावर मी खुरपं मारलं. मनगट दोन बोटं फाटलं. त्यानं बोंब मारली, दोघातिघांनी मला मागं ओढलं, मी एकाच्या दंडाला चावले.

"महादेवीअक्का!" गुरुबसप्पा ओरडला. "तुझी लेक इथं हाय, गावाला ठाऊक हाय. पण ती लिंगात मिळाली. आता तिथं नुसती माती हाय. जंगमालाच विचार, आपल्या धर्मात मेलेल्याचं भूत न्हाई, पिंड न्हाई. मातीला धरून काय बसतीस? जितं गाव तहानेनं मरून राहिलंय."

बोलणं खरं होतं बघ त्याचं. मला त्याचाच राग आला. खरं बोलणाऱ्याच्या तोंडावर काय मारणार?

म्हणून मीबी खरं सांगितलं. "तिथं पाणी न्हाई. झरा न्हाई, काय न्हाई. तुंब्याला मी पाणी घालते. रोज दोन तांबे. टँकरच्या माझ्या घागरीतलं."

मग साखराबाई पुढं आली. माझ्या शेजारची, भिंतीला भिंत. तिची नात गढूळ पाण्यानं हगवण लागून दोन दिवस पडलेली. ती म्हणली, "तणाला? प्यायचं पाणी तणाला?" आन हातातली रिकामी घागर फिरवून माझ्या कपाळावर हाणली. हे बघ, इथं. हात लाव, अजून खळगा हाय. रगत डोळ्यात गेलं. दुसरी घागर कुणाची बसली ते दिसलं न्हाई. पाठीत लाथा बसल्या, केस ओढले. मी मार खाल्ला. खोटं कशाला बोलू, तिच्या जागी मी असते तर मीबी मारलं असतं.

पण गंमत ऐक. साखराबाईनं खरं मानलं म्हणून मारलं. बाकीच्यांनी मानलंच न्हाई! गुरुबसप्पा म्हणला, "सोडा तिला. खोटं बोलून राहिली. लेकीची माती वाचवायला आई काय वाट्टेल ते बोलंल." मलप्पा मनगट धरून म्हणला, "दोन तांब्यानं वैशाखात तुंबा जगत न्हाई. खालनं ओल हाय." समद्या माना हलल्या. त्यांना पाणी पाहिजे होतं बाई. ज्याला पाणी पाहिजे त्याला तू पाणी न्हाई म्हणून सांगितलंस तर तो तुझं ऐकंल का?

मी रगत पुसलं आन म्हणलं, "पाच दिवसाची मुद्दत द्या. पाच दिवस मी तिकडं फिरकत न्हाई. खाली झरा असंल तर तुंबा जगंल. न्हाई तर मान टाकंल. जगला तर पहिली कुदळ मीच मारते, महादेवाची आण."

गुरुबसप्पानं मलप्पाकडं बघितलं. मलप्पा हसला. "देऊन टाका मुद्दत. पाच दिवस काय, पंधरा दिवस जगतो."

पहारा बसवला. कशासाठी? तर मी जाऊन झाडं उपटू नयेत, मीठ टाकू नये म्हणून. पाणी कुणी घालंल हे कुणाच्या डोक्यात आलं न्हाई. घालणारी मी एकटी, आन मी तर तुंबा मरावा म्हणून देवाला हात जोडून बसलेली. पहाऱ्यावर साखराबाई आन तिची जाऊ, आलटून पालटून.

ते पाच दिवस कसे गेले तुला सांगता येत न्हाई. पहिल्या दिवशी उजेडायच्या आधी पाय आपोआप दारापर्यंत गेले. उंबऱ्याला धरून परत फिरवले. पूजेला फूल न्हाई, नुसती इभूत लावली. माझ्या वाट्याचं पाणी मी चौदा वर्षांत पहिल्यांदा पोटभर प्याले, आन ओकले. दुसऱ्या दिवशी साखराबाई भिंतीपलीकडनं म्हणली, "अक्का, खालची पानं पिवळी झाली गं." मला मारणारी बाई ती, पण आवाज मऊ झाला होता तिचा. तिसऱ्या दिवशी म्हणली, "शेंडे लोंबाया लागले." मी घरात भिंतीवर डोकं आपटून घेतलं, कपाळाची जखम परत फुटली. आपलं लेकरू तहानेनं मरतंय, आन आपण म्हणायचं, मर बाई, लवकर मर, तुझ्याच भल्यासाठी मर. हे कुठल्या आईच्या नशिबाला आलंय?

चौथ्या दिवशी दुपारी टँकर आला. टँकर आला की गावात मेलेला माणूससुद्धा उठून घागर घेतो. साखराबाई पळाली, तिची जाऊ पळाली, मीबी रांगेत. रानात चिटपाखरू न्हाई. त्याच वेळी बसलिंगप्पा लातूरच्या एसटीनं फाट्यावर उतरला आन रानातनं चालत घराकडं निघाला.

संध्याकाळी घरी आला. डबा रिकामा. मी बघितलं, रिकामा डबा बघितला, आन डोक्यात काय आलं न्हाई. मी भाकर वाढली. माझं कपाळ फुटलेलं त्यानं बघितलं. विचारावं का न विचारावं, असा तोंड उघडून बसला आन मिटून घेतलं. मीबी भिंतीला काय सांगितलं न्हाई. एक वाक्य बोलले असते! "तुंब्याला पाणी घालू नको." एवढंच. चौदा वर्षांची हट्टी जीभ टाळ्याला चिकटलेली. मलाच लाथा घालाव्या अशी जीभ.

पाचव्या दिवशी सकाळी समदं गाव वरच्या कोपऱ्यावर. टिकाव, पहार, घमेली, नारळ, हळदकुंकू. मी गेले. मला खात्री होती, वाळून कोळ झाला असंल.

तुंबा उभा होता.

समदा न्हाई. अर्धा मेला होता, पानं काळी पडलेली. पण मधली झाडं ताठ उभी होती, शेंडे वर, दोन-तीन फुलं उमललेली. वरची माती कोरडी खडखडीत. मलप्पानं बोट घातलं. बोट वर काढलं तर ओली माती चिकटलेली. त्यानं ते बोट समद्यांना दाखवलं.

"ओल!" म्हणला. "खालनं वर आलीय. वर कोरडं, खाली ओलं. आता सांगा."

गाव ओरडलं. कुणी रडलं, कुणी नाचलं. साखराबाई माझ्याकडं बघतच राहिली, तिला काय कळंना. मलाच कळंना. एक क्षण मलाबी वाटलं, खरंच झरा असंल. खरंच माझी पोर पाण्यावर बसली असंल. गुरुबसप्पानं टिकाव माझ्या हातात दिला. हळू आवाजात म्हणला, "आण घेतलीय अक्का. मार."

मी टिकाव धरला. हात वर गेले न्हाईत. नागू कुठं बसलीय मला इंच अन् इंच ठाऊक. डोकं हातभर खाली. पहिल्या टिकावात तिचं डोकं.

तेवढ्यात मागनं आवाज आला. "हे काय चाललंय?"

बसलिंगप्पा. खांद्याला डबा, परत लातूरला निघालेला. गर्दी बघून आला होता. गुरुबसप्पा म्हणला, "बसलिंगप्पा, तुझ्या रानाच्या कडंला देवानं झरा दिला. वैशाखात तुंबा हिरवा राहिलाय बघ."

"झरा कुठला?" हा म्हणला. "काल दुपारी मीच डबाभर पाणी घातलं. वाळून चालला होता."

कुणी ऐकलं, कुणी ऐकलं न्हाई. ज्यांनी ऐकलं ते हसले. "आता नवऱ्यालाबी पढवून आणलं," एक जण म्हणला. पहारीवाले पुढं सरकले.

मी मात्र ऐकलं. आन माझ्या डोक्यात काय झालं ते मला आजपण सांगता येत न्हाई. टिकाव हातात होताच. लोखंड माझ्याकडं घेतलं, दांडा त्याच्याकडं. पहिला घाव खांद्यावर. डबा उडाला. दुसरा दंडावर, कट्कन आवाज आला. तो पडला. मी पडलेल्याला मारलं. बरगड्यात मारलं, पाठीत मारलं. तोंडातनं रगत आलं त्याच्या, दात मातीत पडला. आन मी बोलत होते. चौदा वर्षांचं समदं बोलत होते, किंचाळत होते.

"मुडद्या! तूच मारलीस तिला! हातोडा फेकून मारलीस! विहिरीत पडली न्हाई ती, गावानं ऐका, घरात मारली ह्यानं, आन मी खोटं बोलले! पाच दिवस मी तिला तहानेनं मारून राहिले, तिला वाचवायला, आन तू पाणी घातलंस? तवा एका घागरीपायी जीव घेतलास, आन आता पाणी घालून घेतोस? आता परत तिचं डोकं फोडशील?"

त्यानं हात वर केला न्हाई. एकदासुद्धा न्हाई. मातीत तोंड खुपसून म्हणला, "महादेवी, मला कुणी सांगितलं न्हाई. मी दर खेपंला घालतो. पहिल्या सालापासनं. तू गेलीस की मागनं जाऊन घालतो."

ते ऐकून माझा हात थांबला असंल असं तुला वाटतंय. न्हाई थांबला. ते ऐकून मी अजून दोन घातले, आधीच्यापेक्षा जोरात.

साखराबाईनं मागनं कमरेला मिठी मारली. "बास अक्का, मरंल तो, बास!" टिकाव कुणीतरी हिसकावला. मी दमून खाली बसले. घमेली खाली ठेवली होती. गुरुबसप्पानं फेटा काढून हातात घेतला. मलप्पाकडं न बघताच म्हणला, "नारळ उचल बाबा. इथं पाणी न्हाई." मलप्पा कायतरी बोलायला गेला तर साखराबाई त्याच्या अंगावर धावली. "पाच दिवस मी पहारा दिला! डोळ्यानं बघितलंय मरताना! टँकरच्या वक्ताला मी पळाले, तेवढ्यात घातलं त्यानं. खोटं बोलणारी बाई नवऱ्याला असं मारती का रे?"

म्हणजे बघ, तोंडानं सांगितलं ते कुणी मानलं न्हाई, आणाभाका मानल्या न्हाईत. दांडा मानला. माणसं गेली. वाफ्यावर एक टिकाव पडला न्हाई.

बसलिंगप्पाला बैलगाडीत घालून उदगीरच्या दवाखान्यात नेलं. दंड, खांदा, दोन बरगड्या. हवालदार आला, विचारलं कुणी मारलं. हा म्हणला, "गाडीवरनं पडलो." मी तिथंच होते. म्हणलं, "मी मारलं, लिहा. आमच्या घरात परत खोटं लिहायचं न्हाई. आन चौदा वर्षांमागचंबी लिहा, लेक ह्यानं मारली, आन मी खोटं बोलले." हवालदारानं माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, वही मिटली. नवरा-बायकोचं भांडण समजला आन गेला. आता कुणाला सांगायचं राहिलंय सांग? तुला सांगितलं.

विहीर पुढं ओढ्याच्या काठाला खणली. पन्नास हातावर बोटभर धार लागली, पावसापर्यंत गावाला पुरली. साखराबाईची नात जगली, आता तिला लेकरं झालीत. मलप्पा परत आपल्या शिवारात दिसला न्हाई.

माफ केलं का म्हणून विचारू नको. न्हाई केलं. उलट त्या दिवसापासनं मला त्याचा नवा राग आला. चौदा वर्षं मी समजत होते, माझ्या एकटीच्या दोन तांब्यावर ते फूल जगलं. दुसरं काय होतं माझ्याकडं? लेक गेली, जबान गेली, तेवढं एक माझं होतं. मलप्पा बरोबर बोलला होता बाई, दोन तांब्यानं वैशाखात तुंबा जगत न्हाई. अर्धं पाणी त्याचं होतं. मी रोज लिंगावर वाहायची त्या पाच फुलातली दोन-तीन त्याच्या पाण्याची, आन मला ठाऊक न्हाई. मारणाऱ्यानं मरणाऱ्याच्या आईला फसवून तिच्या पूजेत हात घातला. मी दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसून त्याला हे समदं ऐकवलं. तो रडला. रडू दे.

हाड नीट बसलं न्हाई, तो हात वर जात न्हाई त्याचा. बरा होऊन घरी आला त्या दिवशी जेवायला वाढलं, आन भिंतीकडं न बघता त्याच्याकडं बघितलं. म्हणलं, "सकाळी मी जाते. संध्याकाळी तू जा. दोघांनी एकदम घातलं तर मुळं सडतात."

"हाव," म्हणला.

तवापासनं आम्ही बोलतो. रोज, दोन येळा. मी विचारते, "पाणी घातलं का?" तो म्हणतो, "घातलं." तो विचारतो, मी म्हणते, "घातलं." दुसरं काय बोलत न्हाई.